बाबांच्या सेवाकेंद्राची नोंदणी कुठं तपासायची?

प्रश्न (गुहागर): लकव्यानंतर बाबांना रत्नागिरीजवळच्या एका केंद्रात ठेवलंय. (भाऊ मुंबईत. गणपतीला येतो, सल्ले देतो.) परवा चादर उचलली तर कमरेवर रुपयाएवढी जखम! रात्री चौदा खाटांना एकच मावशी. नोंदणी दाखवा म्हटलं तर धर्मादायचा कागद पुढं केला. तेवढा पुरतो?

उत्तर १: नाही हो, तो ट्रस्टचा. आजारी, दुर्बल माणसं ठेवून उपचार-शुश्रूषा करत असतील तर १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागतो. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही. नुसता वृद्धाश्रम असेल तर गोष्ट वेगळी. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी विचारा, पोच घ्या.

उत्तर २ (मालवण): कागद मागसून. आधी कूस बदलतत काय ता बघा, दर दोन तासांनी बदलूक होयी. माझ्या आवशीक हवेची गादी घेतलंय, तेव्हा उणा झाला. १४५६७ वर फोन करा, ज्येष्ठांची हेल्पलाइन आसा.

प्रश्नकर्ती: गादी उद्याच आणते. भिंतीवर मात्र फक्त साईबाबांचं कॅलेंडर होतं.