वडील गेल्यापासून कशातच मन लागत नाही

प्रश्न : माझे वडील अक्कलकोट रस्त्यावरील एका कारखान्यात चादरी विणत असत. पावसाळ्यात ते गेले आणि तेव्हापासून पदवी हातात असूनही मी नोकरी न शोधता सिद्धेश्वर तलावाच्या काठी नुसता बसून असतो. रडूही येत नाही. त्यांची डब्याची पिशवी अजून खुंटीलाच आहे, कारण ती काढण्याचे धाडस आईलाही होत नाही आणि मलाही. काय करावे?

उत्तर १ : पिशवी राहू द्यावी. वर्षश्राद्धाच्या आत सारे आवरा, असे सांगणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांचे मनावर घेऊ नये.

उत्तर २ : वडिलांचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असल्यास १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेनुसार आईला आणि आपले वय २५ पेक्षा कमी असेल तर आपल्यालाही निवृत्तिवेतन मिळू शकते, त्यासाठीचा १०-डी हा अर्ज आईला सोबत घेऊन आपणच भरावा. माझ्या वडिलांची जुन्या कागदांवरील थरथरती सही पाहिली, तेव्हाच मला प्रथम रडू फुटले.

उत्तर ३ : झोप व भूक उडाली असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते. आईशीही बोलावे, ती बहुधा आपल्याच बोलण्याची वाट पाहत असेल.