आठवीतल्या मुलीला ग्रीक-रोमन वाचून काय मिळणार?

मुलुंडची_आई: लेकीने पूर्ण संस्कृत घेतलंय, स्कोअरिंग म्हणून. आता ग्रीक-रोमनचं खूळ शिरलंय डोक्यात. कोडिंग क्लास सोडून हे कशाला?

परळकर: ताई, 'पेरिप्लस' म्हणून पहिल्या शतकातलं निनावी ग्रीक पुस्तक आहे, त्यात आपलं सोपारा आहे, कल्याण आहे, आणि वर लिहिलंय की इथे ग्रीक जहाज चुकून आलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात. हे वाचलं की इतिहास सनावळीतून सुटतो ना!

स्लो_लोकल: +१, फक्त लॅटिन घोकायला लावू नका, वाट लागेल. अथेन्सवाले बरीच सरकारी पदं चिठ्ठ्या टाकून भरायचे, यावर घरात भांडू द्या तिला.

मुलुंडची_आई: चिठ्ठ्या?? आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी असाच ठरतो, कोणी तयारच नसतं 😄