क्यूजीआयएस आणि अँटिव्हायरस एकत्र चालेनात, मदत हवी आहे

सर्वेक्षक
मंडळी, वैताग आलाय. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं की टास्क मॅनेजरमध्ये अँटिव्हायरस सगळ्यात वर जाऊन बसतो. नकाशा जरा सरकवला की पडदा पांढरा, मग तुकड्यातुकड्याने भरत राहतो. अँटिव्हायरस बंद केला की सुरळीत. पण कायम बंद ठेवता येणार नाही, बाहेरून पेन ड्राइव्हवर डेटा येत असतो. परवा काम द्यायचंय. उपाय सांगा, लवकर.

चौकस
कोणता अँटिव्हायरस? विंडोजचा डिफेंडर की वेगळा घेतलेला? डेटा शेपफाइल (बिंदू, रेषा, आकृत्या) की रास्टर (चित्ररूप)? आपल्याच डिस्कवर की नेटवर्कवर?

जुना_खेळाडू
लिनक्स टाका. मी टाकल्यापासून अँटिव्हायरस हा विषयच डोक्यातून गेला.

सर्वेक्षक
मशीन ऑफिसचं आहे, लिनक्स शक्य नाही. डिफेंडरच आहे. रॅम १६ जीबी.

वेगवान
३२ करा. नकाशाच्या कामाला १६ म्हणजे काहीच नाही.

चौकस
वेगवान, बंद केल्यावर सुरळीत चालतं असं ते स्वतः सांगतायत, मग रॅमचा प्रश्न येतो कुठे? सर्वेक्षक, डेटाचं अजून सांगितलं नाहीत.

सर्वेक्षक
ड्रोनच्या ऑर्थोफोटोच्या (नकाशासारख्या सरळ केलेल्या हवाई फोटोच्या) एक्सवायझेड टाइल्स, म्हणजे चौकोनी तुकडे, डी ड्राइव्हवर. आणि वरती बऱ्याच शेपफाइल.

चौकस
मग दुखणं तिथेच आहे. टाइल्स म्हणजे हजारो बारक्या पीएनजी. नकाशा सरकवला की त्यातल्या कितीतरी एकदम उघडतात आणि डिफेंडर त्यांच्या आड येतो. शेपफाइलचंही तेच. एकेका शेपफाइलला एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ या तीन फाइल्स तर लागतातच, सोबत पीआरजी असते. प्रत्येक तपासणी क्षणभराचीच, पण सगळी मिळून जाणवते.

वेगवान
बरं, मग अख्खा डी ड्राइव्ह एक्सक्लुजनमध्ये (न तपासायच्या यादीत) टाका, मोकळे व्हा.

रात्रपाळी
असं अजिबात करू नका! पेन ड्राइव्हवरचा माल डीवरच उतरत असणार. फक्त टाइल्सचा फोल्डर वगळा. बाहेरून आलेलं आधी वेगळ्या फोल्डरात, तपासून झालं की मगच आत.

जुना_खेळाडू
फोल्डर कशाला, क्यूजीआयएसची प्रोसेसच, म्हणजे चालू असलेला प्रोग्रामच, वगळा. एका ओळीचं काम.

रात्रपाळी
त्यात मोठी गोची आहे. प्रोसेस वगळली की ती प्रोसेस जी फाइल उघडेल ती रिअल-टाइम तपासणीतून सुटते, मग ती कुठल्याही फोल्डरातली असो. पेन ड्राइव्हवरून थेट उघडलेलीसुद्धा. प्लगइन म्हणजे पायथनचा कोड, तोही त्यात आला. फोल्डर वगळला तर निदान कुंपण कुठवर आहे ते आपल्याला माहीत असतं.

भटक्या
जाणकार जमलेत म्हणून विचारतो, मोबाइलवर इंटरनेटशिवाय चालणारं नकाशांचं अ‍ॅप कोणतं चांगलं?

जुना_खेळाडू
ऑर्गॅनिक मॅप्स. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतं.

सर्वेक्षक
भटक्या, कृपया वेगळा धागा काढा. इकडे एक्सक्लुजनचं बटणच राखाडी आहे, दाबलं जात नाही!

चौकस
ऑफिसच्या धोरणाने कुलूपबंद असणार. अ‍ॅडमिनला सांगावं लागेल, आणि नुसतं 'हळू चालतं' म्हणून कोणी ऐकत नाही. त्यालाच पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) 'न्यू-एमपीपरफॉर्मन्सरेकॉर्डिंग' चालवायला सांगा, तेवढ्या वेळात तुम्ही नकाशा फिरवा. नंतर 'गेट-एमपीपरफॉर्मन्सरिपोर्ट'. कोणत्या फाइल्स आणि कोणत्या प्रोसेसमुळे तपासणीत किती वेळ गेला ते नावानिशी दिसतं. हा कागद पुढे ठेवला की वाद उरत नाही.

रात्रपाळी
परवानगी येईपर्यंत टाइल्सची एमबीटाइल्स करून घ्या. हजारो फाइल्सऐवजी एकच एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइल होते. मूळ ऑर्थोफोटोचा जिओटिफ (जागेची माहिती असलेली चित्रफाइल) असेल तर क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समधूनच बनते. शेपफाइलही जिओपॅकेजमध्ये हलवा, सगळे थर एका फाइलीत राहतात. पण जिओपॅकेज नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नका, तिथे लॉकिंगची कटकट होते.

वेगवान
जिओपॅकेज नको, समोरचा शेपफाइलच मागतो.

रात्रपाळी
देताना एक्स्पोर्ट करा की. काम कशात करायचं ते आपल्या हातात आहे.

सर्वेक्षक
एमबीटाइल्स केली. डिफेंडर चालू असताना नकाशा सरकतोय, पांढरा पडदा गेला! रात्रपाळी, मनापासून आभार. प्रकल्प उघडायला अजून वेळ लागतो, शेपफाइल तशाच आहेत. अ‍ॅडमिन उद्या रेकॉर्डिंग घेणार आहे, रिपोर्ट आला की इथेच टाकतो.