मदत हवी आहे: सोनोबेचा ३० तुकड्यांचा गोळा शेवटी उसवतो

सोनोबे पद्धतीने, म्हणजे सारखे दुमडलेले कागदाचे तुकडे एकमेकांत अडकवायच्या ओरिगामीने, ३० तुकड्यांचा गोळा करते आहे. घोटीव कागद, १० सेंमीचे चौकोन, तीन रंग, प्रत्येकी १० तुकडे. सुटे तुकडे छान होतात. साधारण २४-२५ तुकड्यांपर्यंत जोडणीही घट्ट बसते. पुढे मात्र एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खिशात (घडीतल्या फटीत) सरकवलं की शेजारचं बाहेर येतं, आणि शेवटचे तीन तुकडे बसवताना आतून आधार द्यायला बोटच जात नाही.

आधीच सांगते: सगळे तुकडे एकाच दिशेने दुमडलेले आहेत, डावे-उजवे मिसळलेले नाहीत. चौकोन पट्टीने मोजून कापलेत. पाच सुळके (तीन तुकडे जोडून होणारे टोकदार उंचवटे) एका बिंदूभोवती येतात का, हे दर वेळी मोजते. चुकून चार किंवा सहा झालेले नाहीत. झेरॉक्सच्या ८० जीएसएम कागदाचा गोळा याच मापात पक्का बसला, म्हणजे दोष घोटीव कागदाच्या गुळगुळीतपणाचाच असावा. पण रंग त्याच कागदाचे हवेत.

कपड्यांचे चिमटे लावून जोडलं, पण चिमटे काढताच टोकं सरकली. ग्लू स्टिकने कागद सुरकुततो. नखाने घडी जास्त दाबली तर रंग उडून पांढरी रेघ दिसते, आणि ती सुळक्याच्या अगदी धारेवर येते.

गोळा दिवाळीत दोऱ्याने टांगायचा आहे, दिवा आत नाही. डिंक न लावता घोटीव कागदाची टोकं खिशात अडकून राहतील अशी एखादी जादा घडी आहे का? आणि शेवटचे तीन तुकडे कोणत्या क्रमाने सरकवायचे?