कातळसड्याला ०.३ गुणांक? जुलैत सड्यावर येऊन बघा

जांभाचिरा
आमच्या वाडीच्या डोक्यावर दोन हेक्टरचा कातळसडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे, रत्नागिरीपासून जवळच. तिथे आता प्लॉट पाडलेत. खालच्या गटाराचा हिशेब मी मागून घेतला. सगळी जमीन ‘पडीक’ म्हणून अपधावाचा गुणांक ०.३ धरलाय. म्हणजे शंभर लिटर पाऊस पडला तर तीस वाहणार, सत्तर मुरणार.

सूत्र सोपं आहे. गुणांक, ताशी पाऊस मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये यांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं, की सेकंदाला किती घनमीटर पाणी येतं ते कळतं. ताशी ५० मिलिमीटर पावसाला ०.३ ने सेकंदाला ८३ लिटर येतात, म्हणून ३०० मिलिमीटर व्यासाचा पाइप घातलाय. शंभराला एक उतार असेल तर तो भरून वाहताना जेमतेम ९५ लिटर नेतो. गुणांक ०.९ धरा, २५० लिटर होतात!

आगोटीला पहिल्या चार सरी सडा पितो, कबूल. पण जुलैत कातळावरची बोटभर माती थबथबलेली असते, खळगे काठोकाठ भरलेले असतात. नवी सर आली की पाणी थेट सुटतं. गेल्या जुलैत सर लागल्यापासून दहा मिनिटांत लाल पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला लागलं. आईने चुलीजवळची लाकडं भिजत भिजत माळ्यावर चढवली. माझं म्हणणं एवढंच, की कातळाला छपराचाच गुणांक लावा.

पन्हळ
वीस वर्षं रस्ते आणि गटारांची कामं केली आहेत, म्हणून लिहितो. ०.३ चूक, पण सरसकट ०.९ हीसुद्धा चूकच. पृष्ठभाग वेगळे मोजा. समजा छपरं आणि डांबरी रस्ते मिळून ०.८ हेक्टर, त्यांना ०.९. उघडा कातळ ०.७ हेक्टर, त्याला ०.८. आंब्याची बाग अर्धा हेक्टर, पालापाचोळा आणि झाडांभोवती आळी आहेत, ०.४ पुरे. क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी काढली की ०.७४ येतो, म्हणजे सेकंदाला साधारण २०५ लिटर.

आणि जांभा दगड म्हणजे काच नाही, दादा. त्याला भोकं आहेत, भेगा आहेत. सड्याच्या पायथ्याच्या विहिरींना पाणी कुठून येतं मग? गुणांक फुगवला की खर्च फुगतो आणि तो शेवटी ग्रामपंचायतीच्याच माथी बसतो.

जांभाचिरा
विहिरीचं पटलं. पण ते मुरणं दिवसांच्या हिशेबाने चालतं आणि सर मिनिटांत कोसळते. शिवाय तुमचे २०५ घ्या नाहीतर माझे २५०, दोन्हीला ४५० मिलिमीटरचाच पाइप लागतो, तो २८० च्या आसपास नेतो. मग माझ्या गुणांकाने वाढीव खर्च कुठे झाला?

खाजणकाठ
तुम्ही दोघं गुणांकावर भांडताय आणि ५० मिलिमीटर मात्र डोळे मिटून मान्य केलेत. तो तासाचा पाऊस आहे. दोन हेक्टरच्या उतारावर लांबच्या कोपऱ्यातलं पाणी दहा मिनिटांत गटाराशी पोचतं, तुमच्या पायरीनेच ते दाखवलंय. मग पाऊसही दहा मिनिटांच्या जोराचा धरा. मृगानंतरच्या दाट सरीत ताशी १०० चा वेग दहा मिनिटं टिकणं कोकणात नवल नाही. त्याला ०.७४ ने ४१० लिटर होतात. तुमचा ४५० तिथेच संपला.

मुंबईचं उदाहरण आहेच. तिथली जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर आणि गुणांक ०.५ धरून बांधलेली, तीही ओहोटीच्या भरवशावर. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने, म्हणजे मुंबईच्या पावसाळी गटारांच्या सुधारणेच्या अहवालाने, ५० मिलिमीटर आणि गुणांक १ धरायला सांगितलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हाही बहुतेक कामं व्हायची होती.

पऱ्याकडची
मी तुमच्या गटाराच्या तोंडाशी राहते, म्हणून मोठ्या पाइपलाच माझा विरोध आहे. ३०० चा पाइप निदान पाणी अडवून थोडं थोडं सोडतो. ६०० चा घातलात तर तुमची पायरी सुटेल आणि सगळा लोट आमच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात येईल. पुढे खाडी. उधाणाच्या भरतीला पऱ्याचं पाणी उलटं सरकतं, तेव्हा वरून कितीही मोठा पाइप असला तरी पाणी जाणार कुठे? चिपळूणकरांनी २२ जुलै २०२१ ला हे घरात उभं राहून भोगलंय.

पूर्वी सड्याखाली भाताची खाचरं होती. एका गुंठ्याच्या खाचरात चार बोटं पाणी उभं राहिलं तरी सात हजार लिटर होतात. सेकंदाला २५० लिटरची दहा मिनिटांची सर म्हणजे दीड लाख लिटर. बावीसेक गुंठे खाचराने ती झेलली असती. त्याच खाचरांवर भराव घालून तुमचा जोडरस्ता झाला. त्याचा गुणांक कुणी मोजला?

पन्हळ
ताई, हा मुद्दा खरा आहे. सूत्र फक्त कमाल वेग सांगतं, पाणी कुठे थांबतं ते सांगत नाही. तरी पाइप लहान ठेवून वरच्या घरांत पाणी शिरवणं हा त्यावरचा उपाय मला मान्य नाही.

जांभाचिरा
मलाही नाही. पण ताईंच्या वाडीवर लोट सोडून मी पाय कोरडे ठेवणार नाही. कातळाचा गुणांक ०.८ च्या खाली आणू देणार नाही, हे माझं कायम आहे. प्लॉटवाल्यांनी सड्याच्या धारेला चिऱ्याचा बांध घालून पाणी रोखावं आणि बारीक मोरीतून सोडावं, ही मागणी ग्रामसभेच्या अर्जात घालतो. उरलेली सात गुंठे खाचरं भरावातून वाचवा, हेही त्यातच. ताई, उधाणाला पऱ्याचं पाणी कुठल्या दगडापर्यंत चढतं त्याची खूण करून ठेवाल का? अर्जाला ती जोडायची आहे.

पऱ्याकडची
वडाखालच्या धुण्याच्या दगडापर्यंत चढतं. येत्या अमावास्येला गेरूने रेघ मारते.