मदत हवी आहे: चालू नोड सर्व्हर न मारता त्याच्या पोटातलं कसं बघायचं?

फोंडेकर

मंडळी, नमस्कार. फोनवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून कमांडीही देवनागरीतच लिहितोय, गोड मानून घ्या.

आमचा एक छोटा सर्व्हर आहे. कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या गेस्ट हाउसवाल्यांची बुकिंगं त्यावर येतात. नोड २२ (नोड.जेएस, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), उबुंटू लिनक्स, आणि सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामखाली एकच प्रोसेस. ऑफिस पणजीला पाटोवर आणि मी राहतो फोंड्याला, त्यामुळे जे काही व्हायचं ते नेमकं मी बसमध्ये असतानाच होतं.

गेल्या तीन आठवड्यांत पाच वेळा सर्व्हर गोठला. मरत नाही, हेच दुखणं आहे. मेला असता तर सिस्टमडीने उठवून उभा केला असता. टॉप या कमांडीत बघितलं तर नोडसमोर १०० टक्के सीपीयू, मेमरी जिथल्या तिथे, लॉगमधली शेवटची ओळ कुठल्यातरी साध्या रिक्वेस्टची आणि त्यापुढे शुकशुकाट. रिस्टार्ट मारला की एकदम ठणठणीत. साहेबांचं म्हणणं, "मार रिस्टार्ट आणि पुढे चल." पण रिस्टार्ट मारला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो ना!

आता माझी चूक सांगतो. मी आधी सात वर्षं जावात काढली. तिथे अडकलेल्या प्रोसेसला किल -३ (क्विट सिग्नल) दिलं की ती गुमान सगळे थ्रेड आत्ता काय करतायत त्याचा डंप छापते आणि कामाला लागते. शनिवारी रात्री हात त्याच सवयीने चालला. नोडची प्रोसेस जागच्या जागी आडवी. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) ओळ: कोड डंप्ड, स्टेटस ३, क्विट. साहेब म्हणाले, "बघ, शेवटी रिस्टार्टच झाला."

तर प्रश्न असा की नोडमध्ये किल -३ सारखं काही आहे का? प्रोसेस जिवंत राहिली पाहिजे आणि ती आत्ता काय करतेय ते फाइलीत मिळालं पाहिजे.

जुनासिसॅडमिन

आहे की. डायग्नॉस्टिक रिपोर्ट म्हणतात त्याला. आवृत्ती ११.८ पासून नोडमध्येच आहे, वेगळं पॅकेज लागत नाही. किल -३ चं तुम्ही केलंत तसं मीही एकदा केलंय, फक्त माझा सर्व्हर बँकेचा होता. असो.

सुरू करताना नोडला --रिपोर्ट-ऑन-सिग्नल हा फ्लॅग द्या. मग चालू प्रोसेसला यूएसआर२ सिग्नल पाठवला की ती एक जेसन फाइल लिहिते आणि आपलं काम चालू ठेवते. फ्लॅग नोड_ऑप्शन्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनही चालतो, सिस्टमडीच्या युनिट फाइलीत एक ओळ वाढवली की झालं.

पण फ्लॅग नसताना यूएसआर२ पाठवू नका. तो सिग्नल कोणी हाताळत नसेल तर लिनक्स प्रोसेस मारून टाकतो, म्हणजे पुन्हा तुमचा शनिवार.

फाइल प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीत पडते. सिस्टमडीत वर्किंग डिरेक्टरी दिली नसेल तर ती रूट असते, तिथे तुमच्या युजरला लिहिता येणार नाही आणि मग "रिपोर्ट कुठे गेला" म्हणून शोधत बसाल. --रिपोर्ट-डिरेक्टरी देऊन टाका. फाइलीच्या नावात तारीख, वेळ, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), थ्रेड आणि क्रमांक असतो, एकावर एक लिहिलं जाण्याची भीती नाही.

आत जावास्क्रिप्टचा स्टॅक (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं ती यादी), सी++ चा स्टॅक, हीपचे (मेमरीचे) भाग, उघडे सॉकेट आणि टायमर, सीपीयू किती खाल्ला, यूलिमिट (प्रोसेसवरच्या मर्यादा) असं सगळं मिळतं. लगे हात --रिपोर्ट-ऑन-फेटलएरर पण लावा. मेमरी संपून मेला तर मरता मरता लिहून जाईल.

शेवंती

वरच्यात एक भर. त्या जेसनमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स जशीच्या तशी उतरतात. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटची की, सगळं. इथे रिपोर्ट चिकटवणार असाल तर आधी तो भाग कापा. नोड २२ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत --रिपोर्ट-एक्स्क्लूड-एन्व्ह आहे, तो लावलात तर प्रश्नच मिटला.

सॉकेट खूप असतील तर --रिपोर्ट-एक्स्क्लूड-नेटवर्क पण बघा. एरवी तो प्रत्येक टोकाच्या आयपीचं नाव डीएनएसला विचारत बसतो आणि तेवढा वेळ सर्व्हर थांबलेला असतो.

फोंडेकर

दोघांचेही आभार. काल दुपारी फ्लॅग लावले, यूएसआर२ पाठवला, फाइल आली, सर्व्हर चालू राहिला. खूश होऊन घरी आलो.

आज नरकासुराची रात्र. वाड्यावरची पोरं त्याच्या पुतळ्याला शेवटचा कागद चिकटवतायत, स्पीकरचा दणदणाट आहे, आणि ९:२० ला गेस्ट हाउसवाल्याचा फोन: पेज उघडत नाही. लॅपटॉप उघडला, १०० टक्के सीपीयू. यूएसआर२ पाठवला. फाइल नाही. परत पाठवला. नाही. प्रोसेस जिवंत आहे, डिस्क रिकामी आहे, परवानग्या कालच्याच. काल चाललं ते आज का नाही? अजून रिस्टार्ट केलेला नाही, साहेबांना दहा मिनिटं थोपवून धरलंय. कोणी जागं आहे का?

शेवंती

आहे. रिस्टार्ट करू नका!

फाइल न येणं हाच तुमचा पहिला पुरावा. सिग्नल आल्यावर रिपोर्ट लिहायचं काम नोडमध्ये जावास्क्रिप्टचा हँडलर करतो आणि त्याची पाळी इव्हेंट लूपमधून (एकेक काम पाळीने घेणाऱ्या नोडच्या चक्रातून) येते. काल लूप मोकळा होता, पाळी आली. आज तुमचाच कुठलातरी कोड लूपवर ठाण मांडून बसलाय, उठायला तयार नाही. सिग्नल दारात उभा आहे. म्हणजे डेटाबेस हळू आहे, नेटवर्क अडकलंय असल्या शंका सोडा. तसं असतं तर लूप रिकामा असता आणि फाइल आली असती. कुठेतरी न संपणारा लूप किंवा भयंकर जड हिशोब चालू आहे.

आता त्याच मशीनवर, त्याच युजरने, नोड इन्स्पेक्ट -पी आणि पुढे पीआयडी. हे यूएसआर१ पाठवतं आणि डीबगर (चालू कोड थांबवून आत बघायचं साधन) सुरू होतो. तो वेगळ्या थ्रेडवर असल्यामुळे लूप अडकला तरी ऐकतो. प्रॉम्प्ट आला की पॉज, मग बीटी. स्टॅक दिसेल. व्हेरिएबल बघायला एक्झेक आणि नाव. पोर्ट ९२२९ फक्त १२७.०.०.१ वर उघडतो, तो बाहेर उघडा करू नका.

जुनासिसॅडमिन

ताईंनी सांगितलंय तेच करा. डीबगरही बोलेनासा झाला, म्हणजे एखाद्या सी++ च्या लायब्ररीत अडकला असेल, तर जीडीबी या डीबगरसोबत येणारं जीकोअर वापरा. प्रोसेस क्षणभर थांबवून पूर्ण मेमरीचा फोटो घेतं आणि सोडून देतं. मग हवा तेवढा रिस्टार्ट मारा. (त्या फायलीतही पासवर्ड असतात हो.)

फोंडेकर

सापडला!!

पॉज केल्यावर बीटीमध्ये सगळ्यात वर आमचंच "रात्री मोजा" फंक्शन. येण्याच्या तारखेपासून सुरुवात, एकेक दिवस वाढवत जायचं, जाण्याची तारीख बरोबर आली की थांबायचं. एक्झेक मारून बघितलं: येणार २९ डिसेंबरला, जाणार २ जानेवारीला, पण दोन्हीकडे साल एकच. एजंटने फॉर्ममध्ये महिना बदलला, साल बदलायचं राहिलं. म्हणजे पाहुणा यायच्या जवळजवळ वर्षभर आधी निघून गेलेला आणि आमचा कोड त्याला पुढे पुढे शोधतोय. वर्षअखेरची बुकिंगं आत्ता यायला लागलीत, म्हणून तीन आठवड्यांतच हे सुरू झालं.

एक कळलं नाही. चालू तारखेच्या व्हेरिएबलमध्ये इनव्हॅलिड डेट आहे आणि रात्रींचा आकडा अब्जांत. तारीख बिघडली कशी?

जुनासिसॅडमिन

बिघडली नाही, संपली. जावास्क्रिप्टची तारीख १९७० पासून दोन्ही बाजूंना १० कोटी दिवस एवढीच जाते. पुढच्या टोकाला सप्टेंबर २७५७६०. तुमचा पाहुणा तोही ओलांडून गेला. त्यापुढे इनव्हॅलिड डेट, आणि ती कशाच्याच बरोबर होत नाही, म्हणून थांबायचं नाव नाही. मेमरी का वाढली नाही तेही यातच आलं. नुसता आकडा वाढत होता, साठवत काहीच नव्हता.

भाडं किती झालं असतं त्याचं?

फोंडेकर

सीझनच्या दराने? साहेबांना सांगत नाही, वसूल करायला निघतील.

आता "बरोबर" च्या जागी "पेक्षा लहान" केलंय, आणि जायची तारीख यायच्या आधीची असेल तर फॉर्म तिथेच परत पाठवतो. फ्लॅग तसेच ठेवतोय, एक्स्क्लूड-एन्व्ह सकट. शेवंतीताई, कालची चाचणीची फाइल मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवली होती, ती त्या फ्लॅगच्या आधीची आहे. कृपया उडवून टाका. पासवर्ड आत्ताच बदलतोय.

शेवंती

उघडलीही नव्हती, उडवली. आणि पेमेंटची की? तीही त्यातच असणार.

फोंडेकर

अरे देवा. बदलतो. खाली नरकासुर पेटवलेला दिसतोय, आता पहाटे फोव (पोहे) खाऊनच झोपेन.