'कलर डेप्थ'ला 'रंगखोली' म्हणावं का?

एका भाषांतरात 'रंगखोली' वाचलं आणि आधी वाटलं, रंगकाम करायची खोली! शब्द फोडून पाहिला तर डोळ्यांपुढे गडद, गहिरा रंग आला. नेमका अर्थ काय? याहून बरा शब्द आहे का?

---

गडदपणाशी काही संबंध नाही. एका पिक्सेलचा, म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्याचा, रंग नोंदवायला किती बिट (० किंवा १ मावेल अशा जागा) राखलेत, तो आकडा म्हणजे कलर डेप्थ. १ बिट असेल तर दोनच रंग, समजा काळा आणि पांढरा. पुढे एकेक बिट वाढला की रंग दुप्पट: ८ बिटांत २५६, १६ बिटांत ६५,५३६, २४ बिटांत १,६७,७७,२१६. अगदी फिकट गुलाबीसुद्धा २४ बिटांचाच असतो, म्हणून 'गहिरा' इथे चालायचा नाही.

मला 'रंगसूक्ष्मता' पटतो. २५६० पिक्सेल रुंद पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पट्टा ओढा. ८ बिटांत करड्याच्या २५६ पायऱ्या, म्हणजे दर १० पिक्सेलला एक. काळोख्या भागात डोळ्याला त्या कडा जाणवतात. १० बिटांत पायऱ्या १०२४, मग कडा शोधाव्या लागतात.

---

'खोली' इतकी टाकाऊ नाही हो. पूर्वी काही यंत्रांत पिक्सेलचा एकेक बिट वेगळ्या थरात ठेवत, त्याला बिट-प्लेन म्हणत. थर एकावर एक रचलेत अशी कल्पना करा, खोली आपोआप दिसते. माझा आक्षेप जोडशब्दाला आहे. 'रंगांची खोली' सुटं लिहिलं तर निदान भिंती आठवत नाहीत.

शब्दापेक्षा मोठा घोळ आकड्याचा. तुम्ही वर आधी '८ बिटांत २५६ रंग' म्हणालात आणि पट्ट्याच्या वेळी '८ बिटांत २५६ पायऱ्या'. पहिले ८ अख्ख्या पिक्सेलचे, जसे जिफ (GIF) प्रकारच्या चित्र-फाइलीत असतात: निवडक २५६ रंगांची यादी आणि पिक्सेलमध्ये फक्त यादीतला क्रमांक. दुसरे ८ एकेका घटकरंगाचे. लाल, हिरवा, निळा मिळून २४. मॉनिटरवरचं '८ बिट' हे दुसऱ्या प्रकारचं. ३२ बिटांत बहुधा रंगाचे २४च, उरलेले ८ पारदर्शकतेचे. १६ बिटांची वाटणी तर समान होतच नाही: लाल ५, हिरवा ६, निळा ५, कारण हिरव्यातला फरक डोळा जास्त टिपतो.

---

घोळ माझाच, मान्य. तेव्हा शब्द कुठलाही घ्या, पण 'प्रति पिक्सेल' की 'प्रति घटकरंग' हे आकड्याला चिकटूनच लिहा.

---

मूळ वाक्य आता असं केलंय: 'या चित्राची रंगसूक्ष्मता प्रति घटकरंग ८ बिट आहे.' कंसात 'कलर डेप्थ' ठेवलंय, नाहीतर वाचणारा पुन्हा इथेच विचारायला येईल.